नाव नसलेला चाकर

टक्केटोणपे खाल्ले की माणूस शहाणा होतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. म्हणणाऱ्याला त्यातून धीर मिळतो. भोगले ते फुकट गेले नाही, काहीतरी पदरात पडले, एवढाच तो धीर. शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ या समजुतीचा मोठा पुरावा म्हणून दाखवले जाते: राजा होता तोवर मूर्ख, रस्त्यावर आला तेव्हा शहाणा. हे नाटक जितके वाचावे तितका मला हा हिशेब चुकीचा वाटत जातो. इथे दुःख सगळ्यांच्या वाट्याला येते. शहाणपण थोड्यांच्या. आणि त्या थोड्यांपैकी बहुतेकांवर स्वतःचे असे काही कोसळलेलेच नसते.

२६ डिसेंबर १६०६ रोजी, नाताळच्या सणात, लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात पहिल्या जेम्ससमोर हे नाटक झाले. इंग्लंड आणि स्कॉटलंड एक करण्याच्या खटपटीत असलेला राजा समोर बसलेला, आणि रंगमंचावर दुसरा राजा आपल्याच हाताने राज्य मोडतो आहे.

लिअरचे वय ऐंशीच्या वर. त्याला कारभार नको झाला आहे. तिघी मुलींना राज्य वाटून द्यायचे आहे, आणि वाटणीआधी प्रत्येकीने आपले बापावर किती प्रेम आहे ते भर दरबारात बोलून दाखवायचे आहे. गॉनरिल बोलते. रीगन तिच्यावर कडी करते. धाकटी कॉर्डेलिया म्हणते की मुलीने करावे तेवढे करते, त्याहून तसूभर जास्त नाही. बाप तिला घराबाहेर काढतो. मध्ये पडलेल्या सरदार केंटला हद्दपार करतो.

नकाशावर वाटण्या मात्र आधीच पडलेल्या होत्या. लिअरला उत्तर नको होते, स्तुती हवी होती. जो प्रेमाची परीक्षा घ्यायला बसतो त्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

अधिकार सोडणे फार कठीण नाही. अधिकारामुळे मिळणारे मुजरे सुटत नाहीत. लिअर राज्य देऊन टाकतो, राजा हे नाव आणि शंभर शिलेदार ठेवून घेतो. आळीपाळीने महिनाभर एकीकडे, महिनाभर दुसरीकडे राहायचे ठरवतो. ओझे उतरावे आणि पालखी राहावी, ही इच्छा एकट्या राजांची नसते. निवृत्त होणारा प्रत्येक माणूस थोडी थोडी ती बाळगतो, आणि घरच्यांना ती त्याच्याआधी दिसते.

प्रेम मोजायला त्यानेच शिकवले होते. आता मुली शिलेदार मोजू लागतात. शंभराचे पन्नास होतात, पन्नासाचे पंचवीस. मग दहा तरी कशाला, पाच कशाला, शेवटी एक तरी कशाला? दोघी बहिणींच्या मधे उभा राहून तो म्हातारा गॉनरिलकडे वळतो आणि म्हणतो की तुझ्याकडेच येतो, तुझे पन्नास म्हणजे हिच्या पंचविसाच्या दुप्पट, म्हणजे तुझे प्रेमही दुप्पट. वादळ अजून सुरू व्हायचे आहे. माझ्या मते लिअर सर्वांत केविलवाणा दिसतो तो इथे, कोरड्या अंगाने, गणित करताना.

मुलींचे म्हणणे सगळेच खोटे नाही, हे मान्य केल्याशिवाय हा प्रवेश कळत नाही. शंभर माणसे घरात दंगा घालतात, एका घरात दोन धनी नांदत नाहीत, त्यांच्या नोकरांनी बापाचे हवे-नको पाहिले तर बिघडते कुठे? निर्दयपणा बहुतेक वेळा असाच घरखर्चाच्या वहीतून येतो. तो आवाज चढवत नाही. फक्त विचारतो, गरज काय?

लिअर उत्तर देतो, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःपलीकडचे काही बोलतो. भिकाऱ्याजवळसुद्धा गरजेपलीकडची एखादी वस्तू असते आणि तिच्या आधारानेच तो माणूस म्हणून उभा असतो, असा त्याचा मुद्दा. मुद्दा पुरा होत नाही. मधेच सूड घेईन म्हणतो, कसला ते त्यालाच सुचत नाही. बाहेर पडतो. मागे दारे लागतात.

वादळातल्या लिअरच्या गर्जना गाजलेल्या आहेत. माझे लक्ष त्यांच्यापेक्षा झोपडीच्या दाराशी जाते. केंट वेष पालटून त्याच्याजवळ राहिला आहे, आत चला म्हणून विनवतो आहे. जन्मभर सगळ्यांच्या आधी आत गेलेला माणूस दारात थांबतो आणि कुडकुडणाऱ्या विदूषकाला सांगतो, आधी तू जा. मग एकटा उभा राहून तो अंगावर धड कपडा नसलेल्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या लोकांचा विचार करतो. अशा रात्री ते कुठे जात असतील? आपण इतकी वर्षे राज्य केले आणि यांची काळजी फारशी वाहिली नाही, असे तो कबूल करतो.

पश्चात्तापाची भाषणे नाटकात पुष्कळ असतात. विदूषकाला दिलेली ती वाट त्या सगळ्यांहून मोलाची आहे, कारण ती बोलण्याआधी घडते.

किती टिकते हे शहाणपण? काही ओळी. झोपडीतून चिंध्या पांघरलेला एक वेडा बाहेर येतो, आणि लिअर त्याला विचारतो, तूही सगळे मुलींना देऊन टाकलेस का? केंट सांगतो की याला मुलीच नाहीत. लिअर ऐकून घेत नाही. मुलींशिवाय माणसाची ही दशा दुसरे कोण करणार? क्षणापूर्वी ज्याला जगातले सगळे उघडे लोक दिसले, त्याला समोर प्रत्यक्ष उभा असलेला उघडा माणूस दिसत नाही. त्याच्यातही तो स्वतःलाच पाहतो.

दुःख माणसाला आधी स्वतःकडे वळवते. दुःखी माणूस दुसऱ्याचे ऐकतो ते बहुधा आपले सांगायची पाळी कधी येते याची वाट पाहत.

तरीही दारातला तो क्षण खोटा ठरत नाही. शहाणपण मुक्कामाला येत नसेल, भेट देऊन जात असेल. आलेली भेट खरीच असते.

दुःखानेच माणूस घडत असता तर एडमंड संत झाला असता. तो ग्लॉस्टर या उमरावाचा अनौरस मुलगा. नाटकाच्या सुरुवातीलाच बाप केंटसमोर, मुलाच्या देखत, त्याच्या जन्मावर चावट विनोद करतो. असे किती वेळा ऐकून घेतले असेल त्याने? त्या अपमानातून त्याने हत्यार घडवले आणि ते भावावर, मग बापावर चालवले. त्याचा औरस भाऊ एडगर त्याच हत्याराचा घाव खाऊन रानोमाळ फिरतो, वेड्या भिकाऱ्याचे सोंग घेतो, आणि पुढे आंधळ्या बापाचा हात धरतो. घाव सगळ्यांना बसतो. त्याचे पुढे काय करायचे, ते घाव सांगत नाही.

आता तिसऱ्या अंकातला सातवा प्रवेश. ग्लॉस्टरने राजाला चोरून मदत केली, ते एडमंडने फोडले. ग्लॉस्टरच्याच घरात, त्याच्याच खुर्चीला त्याला बांधतात. तो यजमान आहे, बांधणारे त्याचे पाहुणे आहेत. रीगन त्याची दाढी उपटते. तिचा नवरा कॉर्नवॉल त्याचा एक डोळा काढतो. दुसराही काढ, असे रीगन म्हणते.

तेव्हा एक चाकर पुढे येतो.

तो ग्लॉस्टरचा माणूस नाही. लहानपणापासून कॉर्नवॉलच्याच पदरी वाढलेला. त्याने राज्य गमावलेले नाही, मुलींनी त्याला हाकललेले नाही, वादळात तो भिजलेला नाही. तो धन्याला थांबायला सांगतो, आणि हे थांबवणे हीच आपली आजवरची सर्वांत मोठी चाकरी समजतो. तलवारी निघतात. कॉर्नवॉल जखमी होतो. रीगन दुसऱ्या कुणाची तलवार हिसकावून मागून वार करते. मरता मरता चाकर ग्लॉस्टरला म्हणतो की तुमचा एक डोळा शाबूत आहे, धन्याला झालेली इजा पाहून घ्या. ते ऐकून कॉर्नवॉल तोही डोळा फोडतो. चाकराचे प्रेत उकिरड्यावर फेकायचा हुकूम सुटतो.

शेक्सपिअरने त्याला नाव दिलेले नाही. छापील नाटकात तो नुसता चाकर आहे. लिअर पाच अंक फरपटत जिथे पोचतो, तिथे हा माणूस बोटांवर मोजता येतील इतक्या ओळींत पोचतो. त्याला हे कुणी शिकवले? त्या दालनात इतर चाकरही होते, डोळे त्यांनाही होते. त्यांनीही तेच पाहिले. पण पाहता पाहता एकाला ते सोसवेना. त्याचे स्वतःचे काही दुखत नव्हते. दुसऱ्याचे दुखणे त्याच्यापर्यंत पोचायला मधे काही आड आले नाही, एवढेच म्हणता येईल.

त्याने मागचापुढचा विचार केला असता तर हात उचललाच नसता. ग्लॉस्टरचा डोळा वाचला नाही. उलट त्याच्या बोलण्यानेच तो लवकर गेला. कॉर्नवॉल त्या जखमेने पुढे मरतो, पण ते पाहायला चाकर उरत नाही. कृतीचे फळ हातात येणार नाही हे ठाऊक असताना केलेली कृती आपण फार थोर मानतो. त्याला ते ठाऊक होते की नव्हते याचाही विचार करायला त्याला वेळ नव्हता. मला तेच अधिक थोर वाटते.

त्याच्यामागे दोन चाकर उरतात. १६०८ साली निघालेल्या छापील प्रतीत त्यांचे एक छोटे संभाषण आहे. ही बाई जर सुखाने म्हातारी होऊन मेली तर जगात कुणाला कसला धरबंध राहणार नाही, अशा अर्थाचे ते बोलतात. एक म्हणतो, त्या वेड्या भिकाऱ्याला गाठू, तो म्हाताऱ्याला हवे तिथे नेईल. दुसरा म्हणतो, तू हो पुढे, मी अळशीच्या तंतूंचा बोळा आणि अंड्याचा पांढरा बलक घेऊन येतो, त्यांच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला. त्या काळातली ही घरगुती मलमपट्टी. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे नाटकांच्या एकत्रित ग्रंथात, हे संभाषण नाही. कुणी काढले आणि का, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. शेक्सपिअरनेच पुढे कात्री चालवली असे मानणारे बरेच आहेत.

कुणाचीही कात्री असो, पहिल्या लिहिण्यात ते सुचले होते. एका माणसाचे डोळे काढले गेले आहेत, एक माणूस मरून पडला आहे, घर शत्रूच्या ताब्यात आहे, आणि कुणीतरी स्वयंपाकघरात जाऊन अंडी फोडणार आहे. बलकाने डोळे परत येत नाहीत हे त्याला कळते. रक्त थांबेल, ठणका थोडा कमी होईल. तेवढ्यासाठी तो जातो. पकडला गेला असता तर त्याचीही गत पहिल्यासारखीच झाली असती.

आंधळा ग्लॉस्टर बाहेर पडतो तेव्हा एक म्हातारे कूळ त्याचा हात धरून चाललेले असते. ऐंशी वर्षे याच घराण्याची जमीन कसणारे. ग्लॉस्टर त्याला परत जायला सांगतो, माझ्याबरोबर दिसलास तर तुझ्यावर बालंट येईल म्हणतो. म्हातारा जात नाही. तुम्हाला वाट दिसत नाही, असे म्हणतो. वाटेत तोच उघडा भिकारी भेटतो. ग्लॉस्टर म्हाताऱ्याला त्याच्यासाठी काही पांघरायला आणायला सांगतो, आणि म्हातारा कबूल करतो की माझ्याकडचा सर्वांत चांगला कपडा आणीन, मग माझे काही का होईना. डोळे होते तेव्हा दिसले नाही आणि गेल्यावर दिसू लागले, हे ग्लॉस्टरविषयी नेहमी सांगितले जाते. ते इतके बेतलेले वाटते की मी त्यावर फार विसंबत नाही. मला तो कपडा जास्त खरा वाटतो.

ग्लॉस्टर त्या भिकाऱ्याला पैशाची थैली देतो आणि म्हणतो की ज्यांच्याकडे फार आहे त्यांना दिसत नाही कारण त्यांना जाणवत नाही. वाटप नीट झाले तर प्रत्येकाला पुरेल. लिअर झोपडीच्या दारात जे बोलला तेच हे. दोन श्रीमंत म्हातारे वेगवेगळ्या वाटांनी एकाच विचाराशी येतात, दोघेही हातातली सत्ता गेल्यावर. कुळाला तो विचार करावा लागला नाही. तो कपडा आणायला गेला.

एडगरविषयी माझे मन निःशंक नाही. आंधळ्या बापाला कड्यावर नेल्याचा बनाव करून तो सपाट जमिनीवर उडी मारायला लावतो आणि आत्महत्येच्या विचारातून सोडवतो. हे प्रेमच. पण मी तुझा मुलगा, हे सांगायला तो अगदी शेवटपर्यंत थांबतो. सांगितल्यावर सुख आणि दुःख एकदम न झेपून बापाचे हृदय फुटते. ही दिरंगाई आपली चूक होती हे तो पुढे कबूल करतो. चांगुलपणालाही सोंग उतरवून ठेवणे जड जाते.

मग चौथ्या अंकातली भेट. फ्रान्सची राणी झालेली कॉर्डेलिया तिथून सैन्य घेऊन आली आहे. लिअर झोपला आहे, वेडाचा भर ओसरला आहे. ती त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघते आणि त्या रात्रीचा विचार करते. वैऱ्याच्या कुत्र्याला, अगदी मला चावलेल्या कुत्र्यालासुद्धा, त्या रात्री मी माझ्या शेकोटीजवळ घेतले असते, असे तिला वाटते. लिअर जागा होतो, ओळखतो, गुडघे टेकायला पाहतो. मी एक खुळा म्हातारा आहे, असे सांगतो. तुझ्या बहिणींनी माझा छळ केला, त्यांना कारण नव्हते. तुला माझा राग यायला कारण आहे. कॉर्डेलिया म्हणते, काही कारण नाही.

कारण होते. सगळ्या नाटकाला ठाऊक आहे की होते. पहिल्या अंकात जी मुलगी खऱ्यात एक शब्द जास्त घालायला तयार नव्हती आणि त्यापायी राज्याचा तिसरा हिस्सा सोडून गेली, तीच इथे सरळ खोटे बोलते. मला या नाटकातले सर्वांत मोठे शहाणपण हे वाटते. सत्य बोलण्याची तिची हिंमत तिच्याजवळ जन्मापासून होती. सत्य कुठे बाजूला ठेवायचे हे ती त्या पांढऱ्या केसांकडे बघून शिकली.

क्षमा मागणाऱ्याला आपला अपराध मोजून हवा असतो. क्षमा करणाऱ्याने ते मोजमाप हाती घेऊ नये.

इथे नाटक संपले असते तर? लिअरची गोष्ट त्या प्रेक्षकांना नवी नव्हती. १६०५ साली छापलेल्या जुन्या ‘लीर’ नाटकात राजा पुन्हा गादीवर बसतो, धाकटी जिवंत राहते. १६०६ च्या नाताळात आलेल्या अनेकांना शेवट ठाऊक आहे असेच वाटत असणार. शेक्सपिअरने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

कसा काढला ते पाहण्यासारखे आहे. कॉर्डेलियाचे सैन्य हरते, बापलेक कैद होतात. एडमंड एका कप्तानाला बोलावून तिला कैदेत मारण्याचे काम सोपवतो, बढतीचे आमिष दाखवतो. हा कप्तानही बिननावाचा. माणसाने करण्यासारखे काम असेल तर करीन, असे तो म्हणतो आणि जातो. त्याचे हे शब्दही १६०८ च्याच प्रतीत आहेत. तो चाकर आणि हा कप्तान, दोघांनाही वरून हुकूम आलेला, दोघांची पायरी जवळपास सारखी. गरिबी किंवा अनामिकपणा माणसाला चांगले करतो असे म्हणायची सोय शेक्सपिअर ठेवत नाही.

मग एडमंड द्वंद्वात एडगरकडून प्राणांतिक जखमी होतो. एडगर बापाच्या मरणाची हकीकत सांगतो. एडमंड म्हणतो की तुझ्या सांगण्याने मी हललो आहे, कदाचित यातून काही बरे होईल, पण तू बोलत राहा. आणि एडगर बोलत राहतो. गॉनरिल आणि रीगन मेल्याची बातमी येते. प्रेते आणली जातात. केंट येऊन राजा कुठे आहे विचारतो, तेव्हा गॉनरिलच्या नवऱ्याला, अल्बनीला, आठवण होते. लिअर आणि कॉर्डेलियाला सगळे विसरले होते. तिथे उभे असलेले अल्बनी आणि एडगर चांगली माणसे आहेत. ती बोलण्यात गुंतली होती. आता एडमंड हुकूम मागे घेतो, माणूस धावत सुटतो, अल्बनी देवांना तिच्या रक्षणाची प्रार्थना करतो, आणि त्याच क्षणी लिअर मेलेली कॉर्डेलिया हातांवर घेऊन आत येतो.

एडमंडचेही मन हलले होते. मन हलणे आणि हात हलणे यांच्यामध्ये जेवढा वेळ गेला, तेवढ्यात तिचा गळा आवळला गेला. चाकराने मधे वेळ जाऊ दिला नव्हता.

हा शेवट लोकांना सोसला नाही. १६८१ साली नाहुम टेटने नाटक बदलले. लिअर वाचतो, कॉर्डेलिया एडगरशी लग्न करते, विदूषक तर वगळलाच. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षे हेच चालले, १८३८ साली मॅक्रेडीने शेक्सपिअरची संहिता परत आणेपर्यंत. सॅम्युअल जॉन्सनने १७६५ च्या आपल्या आवृत्तीत लिहिले की कॉर्डेलियाच्या मरणाने तो इतका हादरला होता की संपादनाची वेळ येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचणे त्याच्याने झाले की नाही, हेही त्याला सांगता येत नाही. यावर हसणाऱ्यांनी स्वतःला विचारावे की आपण हा प्रवेश खरोखर वाचला आहे का. जॉन्सनला तो सोसला नाही, कारण त्याने तो वाचला होता.

लिअर ती पुन्हा कधी येणार नाही, असा एकच नकार उच्चारत राहतो. १६०८ च्या प्रतीत तीनदा, १६२३ मध्ये पाचदा. मग लगेच कुणाला तरी गळ्याजवळची गुंडी सोडायला सांगतो आणि त्याचे आभार मानतो, आदराने, एखाद्या थोराशी बोलावे तसे. पहिल्या अंकात शंभर शिलेदारांचा हट्ट धरणारा हा माणूस. त्याला विश्वाचे काही गूढ उकललेले नाही. कुत्र्याने, घोड्याने, उंदराने जगावे आणि हिने नाही, हा त्याचा प्रश्न तसाच राहतो. गुंडी सोडणाऱ्याचा हात मात्र त्याला दिसतो.

टॉलस्टॉयला हे नाटक मुळीच पटले नाही. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने ते प्रवेशागणिक तपासून कृत्रिम ठरवले आणि जुने ‘लीर’ सरस मानले. चार वर्षांनी, ब्याऐंशी वर्षांचा असताना, तो रात्रीच घर सोडून निघाला आणि अस्तापोवो या लहानशा रेल्वे स्टेशनवर न्यूमोनियाने मरण पावला. धाकटी मुलगी अलेक्झांड्रा त्याच्याजवळ आली होती. हे साम्य जॉर्ज ऑर्वेलने १९४७ साली दाखवले. मला त्या हकिगतीतला स्टेशनमास्तर आठवतो. आजारी म्हाताऱ्याला त्याने आपल्या राहत्या घरात जागा दिली.

आपल्याकडे लिअरची ओळख मुख्यतः ‘नटसम्राट’मुळे झाली. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचे ते नाटक आले आणि डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर घराघरांत पोचले. १९७४ साली विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ हा अनुवाद आला. ‘नटसम्राट’ पाहून बाहेर पडणारे बहुतेक जण एकच बोध घेऊन जातात: जिवंतपणी इस्टेट मुलांच्या नावावर करू नये. हा सावधपणाचा सल्ला झाला, आणि लिअरचा विदूषकही तो पहिल्या अंकातच देऊन ठेवतो. त्यासाठी एवढ्या यातनांची गरज नव्हती. शिरवाडकरांनी नायकाला कावेरीसारखी पत्नी दिली. लिअरच्या आयुष्यात अशी सोबत नाही. आणि बेलवलकरांना रस्त्यावर आधार द्यायला बूटपॉलिश करणारा एक पोरगा आणला. आपण मुलांच्या कृतघ्नतेवर इतके बोलतो की तो पोरगा बोलण्यात येतच नाही. शिरवाडकरांनी शेक्सपिअरकडून काय घेतले, याचे माझे उत्तर तो पोरगा आहे.

१९६२ साली पीटर ब्रूकने स्ट्रॅटफर्डला लिअर उभा केला, पॉल स्कोफील्डला घेऊन. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी प्रयोगांत तो गणला जातो. त्यात अंड्याच्या बलकाचे ते दोन चाकर गाळले होते. आंधळा ग्लॉस्टर चाचपडत असतानाच रंगमंच आवरणारे नोकर त्याला धक्के देत, प्रेक्षागृहातले दिवे लागत आणि मध्यंतर होई. प्रेक्षकाला दिलासा मिळू नये, हा हेतू. युद्ध आणि छळछावण्या पाहिलेल्या पिढीचा तो हेतू मला समजतो, पण पटत नाही. क्रौर्यच क्रौर्य दाखवले तर प्रेक्षक जग असेच आहे म्हणून खुर्चीत निवांत बसू शकतो. तो मोठाच दिलासा झाला. कुणीतरी भीत भीत बलक आणायला गेले, हे पाहिल्यावर तसे बसता येत नाही.

मराठीत कुणी पुन्हा लिअर करायला घेतला तर माझी एक विनंती राहील. लांबी कमी करायला इतर कुठेही कात्री लावा, त्या दोन चाकरांना लावू नका. नवख्या पोरांना उरलीसुरली भूमिका म्हणूनही ती देऊ नका. शब्द स्पष्ट टाकणारे दोन कसलेले नट घ्या. मध्यंतर त्याच अंकावर घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण घंटा त्यांचे बोलणे संपल्यावर द्या.